आखडून बांधलेला दोर

रवींद्र पाठाऱ्यांना पोहता येत होतं, बोट वल्हवता येत होती आणि वाऱ्याचा अंदाजही बऱ्यापैकी यायचा. फक्त हे सगळं आपल्याला येतं हे न सांगता राहणं तेवढं जमत नव्हतं. भोपाळमध्ये अवधपुरीतल्या त्यांच्या घरी कोणी टेकलं, की चहाच्या आधी बडा तालाब यायचा. पस्तीस वर्षं त्यांनी कारखान्यात टर्बाइनच्या विभागात काढली, पण टर्बाइनबद्दल त्यांनी कधी कोणाला पकडून ठेवलं नाही. बोटीच्या बाबतीत मात्र दूधवाल्यालाही सोडलं नव्हतं.

बोट म्हणजे चार निवृत्त माणसांनी मिळून घेतलेली एक जुनी फायबरची होडी. दर रविवारी सकाळी हे चौघं तलावावर जमत, दोन तास वल्हवत आणि नंतर पोहे-जलेबी खाऊन वल्हवण्यात गेलेलं सगळं वजन परत मिळवत. या मंडळींत रवींद्ररावांचा एक कायदा होता. बोट घाटाला लावली की दोर आखडून बांधायचा, हातभरसुद्धा ढील ठेवायची नाही. तलावावर पश्चिमेचा वारा सुटला की ढिली बांधलेली बोट पायऱ्यांवर आपटून फुटते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तेव्हापासून ते दुसऱ्यांच्या गाठी सोडून पुन्हा बांधत सुटले होते.

"भाईसाहब, बोट आहे ती, भैंस नाही," मूळचे ग्वाल्हेरचे विनायक म्हणायचे. "भाग के कहाँ जाएगी?"

"भैंस ढिली चालेल, विनायकजी. बोट नाही चालणार."

चूक नव्हतं ते. तलावापुरतं अगदी बरोबर होतं.

मिलिंदची ओळख झाली ती फोनवरच्या एका ग्रुपमध्ये. ठिकठिकाणचे होडीवेडे तिथे आपापल्या पाण्याचे फोटो टाकत. मिलिंद रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात शाळामास्तर होता. घरची होडी, आणि बाप जन्मभर खाडीत नि समुद्रात वावरलेला. अशा माणसाला रवींद्ररावांनी दोन वर्षं वल्हं कसं धरावं याचा उपदेश केला. उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणतात ते उगाच नाही. मिलिंद मुलगा गुणी. "हो काका, बरोबर काका" म्हणत राहिला आणि शेवटी त्यानेच बोलावलं. "काकूंना घेऊन या एकदा. खाडीच्या तोंडाशी एक किनारा आहे. तिथे रस्ता नाही, वस्ती नाही, फक्त होडीनं जाता येतं. वेड लागेल तुम्हाला."

जानेवारीत, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, रवींद्रराव आणि शालिनी रत्नागिरीला उतरले आणि पुढे दोन तास एस.टी.नं गेले. शालिनीनं गाडीतच बजावलं होतं, "अहो, तिथे जाऊन त्यांना शिकवू नका हं. ती समुद्राची माणसं आहेत."

"मी कशाला बोलतोय?" रवींद्रराव म्हणाले, आणि एस.टी. स्टँडवर मिलिंदनं त्यांची बॅग उचलल्या उचलल्या त्यांचं बोलणं सुरू झालं.

मिलिंदच्या घरी तीन माणसं होती. तो, त्याची बायको मंजूषा आणि वडील दत्तूअण्णा. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सुकलेले, काटक. बोलणं कमी, आणि बोलायच्या आधी पाण्याकडे बघायची सवय. होडी त्यांचीच होती. गावच्या सुताराशेजारी बसून त्यांनी ती फळीफळीनं बांधून घेतली होती. घर बांधताना त्याच्या निम्मंसुद्धा लक्ष घातलं नव्हतं, असं मंजूषा हसत सांगायची.

पहिल्याच संध्याकाळी मिलिंद रवींद्ररावांना अंगणाच्या टोकाला घेऊन गेला. "काका, एक सांगून ठेवतो. अण्णा हल्ली विसरतात. गॅस चालू राहिला दोनदा. बाजारातून घरची वाट चुकले. दिवाळीत तर होडी वाळूच्या दांड्यावर चढवली. आणि तो दांडा त्यांना साठ वर्षं पाठ आहे. मी मंजूषाला शब्द दिलाय, आता एकदा जरी काही झालं तर अण्णांचं होडीवर जाणं बंद."

"बरोबर आहे. सेफ्टी फर्स्ट."

"बरोबर आहे, पण मला धीर होत नाही." मिलिंद घराकडे बघत होता. ओटीवर अण्णा दोराचं एक टोक उसवून पुन्हा विणत बसले होते. "होडी काढून घेतली तर हा माणूस जगेल कशावर? म्हणून म्हटलं, उद्या जरा सांभाळून घ्या."

"मी आहे ना," रवींद्रराव म्हणाले. ते नक्की कशासाठी आहेत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण वाक्य चांगलं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाणी चढायला लागलं तशी होडी निघाली. मागे मशीनपाशी, इंजिन सांभाळत अण्णा, मध्ये दोघी बायका, पुढे रवींद्रराव आणि मिलिंद. दोन्ही अंगांना खारफुटीची झाडं गुडघाभर पाण्यात उभी होती. एक समुद्रगरुड डोक्यावरून गेला आणि समोरच्या सुरूच्या झाडावर जाऊन बसला. मग खाडी एकदम रुंद झाली, गावं मागे पडली, डावीकडे जांभ्याचा उंच कडा आणि उजवीकडे निव्वळ पाणी. पलीकडचा काठ म्हणून नाहीच. रवींद्ररावांच्या तलावाला कुठूनही बघा, पलीकडे काहीतरी दिसायचं, एखादी टेकडी, एखादी मशीद, एखादी नवी इमारत. इथे काहीच नव्हतं. बारा मिनिटं ते एक शब्द बोलले नाहीत. शालिनीनं घड्याळ बघितलं होतं, म्हणून हा आकडा पक्का.

अण्णांनी एकदा मशीन बंद केलं आणि होडी नुसती वाहू दिली. "ऐका," म्हणाले. कड्याच्या पोटात लाट शिरून बाहेर येत होती, तिचा आवाज. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते रवींद्ररावांनी नीट पाहिलं. पुढे ते विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

कड्याखाली एक जुना, मोडका दगडी धक्का होता. पूर्वी कधीतरी तिथे गलबतं लागत असत. साडेअकराच्या सुमाराला होडी तिथे लागली तेव्हा भरती पूर्ण होती आणि पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला टेकलं होतं. मंजूषा पिशव्या घेऊन आधी उतरली. मिलिंद शालिनीचा हात धरून शेवाळलेल्या पायऱ्यांवरून तिला वर नेत होता. अण्णा मागे वाकून मशीन वर उचलत होते. दोर घेऊन उडी मारली ती रवींद्ररावांनी.

"रवींद्रराव, दोर सैल सोडा हां," अण्णा मान न वळवता म्हणाले. "आज पुनव आहे. पाणी लांब जाईल."

"हो हो, अण्णा."

भरती-ओहोटी रवींद्ररावांना माहीत नव्हती असं कोणी समजू नये. रविवारच्या मंडळींना त्यांनी चंद्र, सूर्य आणि समुद्र यावर एकदा पाऊण तास ऐकवलं होतं. पण डोक्यातलं ज्ञान हातापर्यंत पोचतंच असं नाही. होडी लाटेबरोबर धक्क्यावर ठक् ठक् आपटत होती. तो आवाज ऐकला आणि त्यांच्या हातांनी इतकी वर्षं जे केलं तेच केलं. लोखंडी कडीतून दोर ओवला, होडी धक्क्याला चिकटेपर्यंत ओढली आणि आखडून पक्की गाठ मारली. आपटणं थांबलं. त्यांना बरं वाटलं, आणि मागे वळून न बघता ते वर गेले.

अण्णा होडीपाशी थांबायचे, हा त्यांचा नेहमीचा रिवाज. वळणावरच्या उंडीच्या झाडाखाली सावली होती, तिथून होडी दिसत नव्हती. पण दोर सैल आहे म्हटल्यावर बघायचं काय? बाकीचे चौघं कडा चढून वरच्या कातळाच्या सड्यावर गेले, पलीकडच्या पांढऱ्या वाळूवर उतरले. माणसाच्या पावलाचं एक चिन्ह नव्हतं तिथे. त्यांनी घावणे खाल्ले, रवींद्ररावांनी तीसएक फोटो काढले आणि तीनच्या सुमाराला सगळे परत फिरले.

धक्क्यावर पोचलेला मिलिंद जागीच थांबला.

पाणी पुरुषभर खाली गेलं होतं. होडीचं पुढचं टोक दोराला लटकलेलं होतं आणि मागचं टोक मशीनसकट चिखलात रुतलं होतं. कलताना बाजू मोडक्या पायरीत अडकली होती. सगळा भार तिथे आला आणि तीन फळ्या उभ्या फाटल्या होत्या. वल्ही, पाण्याचे कॅन, अण्णांचा डबा, सगळं चिखलात विखुरलं होतं.

"अण्णा!" मिलिंद ओरडला. एवढ्या जोरात तो बापाशी आयुष्यात बोलला नसेल.

अण्णा झाडाखालून डोळे चोळत आले. होडीकडे बघितलं, ताठ झालेल्या दोराकडे बघितलं.

"दोर असा बांधतात, अण्णा? उधाणाच्या दिवशी? पोरसुद्धा असा बांधणार नाही!"

मिलिंदला दुसऱ्या कोणाचा संशयसुद्धा आला नव्हता. होडी अण्णांची, दोर नेहमी अण्णा बांधणार, आणि विसरणारेही अण्णाच. आता रवींद्ररावांनी तोंड उघडायचं आणि म्हणायचं, मिलिंद, मी बांधला. तीन शब्द. त्यांनी तोंड उघडलंही. पण समोर मंजूषा होती, शालिनी होती आणि दोन वर्षं "बरोबर काका" म्हणणारा मिलिंद होता. पोरसुद्धा बांधणार नाही असा दोर आपण बांधला, हे या तिघांना सांगायचं? आत्ता नको, जरा शांत झाल्यावर सांगू, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

अण्णा आपल्या हातांकडे बघत होते. उलटे केले, सुलटे केले. "मीच बांधला असणार," ते हळू म्हणाले. "आठवत नाही रे. पण मीच असणार."

"सॉरी काका," मिलिंद रवींद्ररावांकडे वळून म्हणाला. "तुमची ट्रिप अशी..."

आणि इथे रवींद्रराव जे बोलले ते त्यांना कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. नुसते मूग गिळून बसले असते तरी चाललं असतं. पण गप्प बसणं त्यांना कधी जमलं होतं? ते पुढे झाले, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे हो, अण्णा. वय झालं की होतं असं."

मिलिंदनं फोन करून एका मच्छीमाराची होडी मागवली. घरी पोचल्यावर अण्णा ओटीवर बसले नाहीत, सरळ आत गेले आणि पाठमोरे उभे राहून म्हणाले, "मिलिंद, वल्ही माळ्यावर टाक. मी आता नाही जायचा." मंजूषाला दिलेल्या शब्दाची आठवण करून देण्याची वेळच आली नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

लाज वाटली की माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही म्हणतात. खोटं आहे ते. रवींद्ररावांनी त्या रात्री सुरमईचा रस्सा दोनदा घेतला. नाही घेतला तर कोणी विचारील, अशी भीती वाटली म्हणून घेतला.

दोन दिवसांनी निघताना अण्णा एस.टी. स्टँडपर्यंत आले. आमसुलांची पिशवी शालिनीच्या हातात दिली आणि रवींद्ररावांपुढे हात जोडले. "माझ्यामुळे तुमचा खोळंबा झाला. मनात ठेवू नका."

इगतपुरी गेल्यावर रवींद्ररावांनी शालिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "फोन लावा."

"रेंज नाही इथे."

तिनं त्यांचा फोन उचलून त्यांच्यासमोर धरला. चारही रेघा भरलेल्या होत्या. "हं," ती म्हणाली आणि फोन खाली ठेवला. पुढच्या अकरा तासांत ती त्यांच्याशी फक्त दोनदा बोलली. एकदा चहा हवा का म्हणून आणि एकदा भोपाळ आलं म्हणून.

रविवारी विनायकांनी विचारलं, "कसा होता समंदर? सगळं डिटेल में सांगा, भाईसाहब."

"छान होता."

"बस? छान? तुम्ही?" विनायक चक्रावून बघत राहिले. त्या दिवशी बोट लावताना दोर विनायकांनी ढिला बांधला आणि रवींद्ररावांनी तो बघितला, पण काही म्हटलं नाही. तिघांनाही वाटलं, समुद्राच्या वाऱ्यानं यांची तब्येत बिघडली असावी.

फोन करायचं मात्र रोज ठरत होतं. सोमवारी मिलिंदची शाळा असते. मंगळवारी त्याच्याकडे आठवडी बाजार. शनिवारी फोन केला तर मंजूषा घरी असणार. एक महिना गेला आणि मग नवीनच अडचण आली: आता सांगितलं तर महिनाभर का नाही सांगितलं? खोटं एकदाच बोलावं लागतं; त्याची राखण मात्र रोज करावी लागते. अधूनमधून मिलिंदचा मेसेज यायचा. होडीच्या फळ्या बदलल्या. मशीन दुरुस्त झालं. अण्णा बाहेर पडत नाहीत, काका. खाडीकडे पाठ करून बसतात. शालिनी मेसेज वाचायची, नवऱ्याकडे बघायची आणि कणीक मळायला उठायची. तिनं एकदाच सांगितलं, "मी फोन केला तर ते माझं सांगणं होईल. मला तुमचं ऐकायचंय."

एप्रिलमध्ये मिलिंदचाच फोन आला. मंजूषाच्या भाचीचं लग्न होतं, भोपाळातच, अयोध्या नगरला. तिघंही येणार होते. अण्णांना एकटं ठेवता येत नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जेवायला येतो म्हणाला.

"या," रवींद्रराव म्हणाले, आणि फोन ठेवून शालिनीला सांगितलं, "समोरासमोर सांगेन. जेवण झालं की लगेच."

"जेवणाआधी सांगा," शालिनी म्हणाली. "आपल्या घरचं अन्न त्यांनी न कळता का खावं?"

अण्णा तीन महिन्यांत निम्मे झाले होते. मिलिंद त्यांना दंडाला धरून चालवत होता. सदऱ्याच्या खिशाला एक चिठ्ठी पिन केली होती, तिच्यावर मिलिंदचा नंबर. रवींद्ररावांना त्यांनी ओळखलं आणि नमस्कार केला. पानं मांडली होती. शालिनी वाढायची थांबून भिंतीशी उभी राहिली. सगळ्यांनी तिच्याकडे आणि मग रवींद्ररावांकडे बघितलं.

"अण्णा, मिलिंद," रवींद्रराव उभेच होते. "त्या दिवशी धक्क्यावर दोर मी बांधला. अण्णांनी नाही. अण्णांनी मला सैल सोड म्हणून सांगितलं होतं. मी आखडून बांधला, तलावावर बांधतो तसा. होडी माझ्यामुळे मोडली. मला लाज वाटली म्हणून मी बोललो नाही. अण्णांवर ढकललं. तीन महिने रोज मी..."

रवींद्ररावांनी मनाची तयारी केली होती. मिलिंद ओरडेल, मंजूषा उठून जाईल, अण्णा शिवी देतील. काहीही आलं असतं तर त्यांनी ते घेतलं असतं.

मिलिंदच्या डोळ्यांत पाणी आलं. तो उठला आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

"काका, तुमचं मन किती मोठं आहे हो," तो म्हणाला. "अण्णांसाठी एवढं... मीच तुम्हाला लिहीत होतो ना, ते खचलेत, ते पाठ करून बसतात. म्हणून तुम्ही हे करताय. मला कळतंय."

"नाही नाही, मिलिंद, अरे खरंच मी बांधला!"

"काका." मिलिंदनं त्यांचे हात हातात घेतले. "खरंच तुम्ही बांधला असता तर तेव्हाच नसतं का सांगितलं? त्यात लपवण्यासारखं काय होतं? पाहुण्या माणसाकडून होतंच. आम्ही हसलो असतो, फळ्या बदलल्या असत्या, झालं. घरी येणारे निम्मे पाहुणे पहिल्यांदा तसाच बांधतात."

एवढंच होतं ते. एवढ्याशा गोष्टीसाठी. रवींद्ररावांनी भिंतीकडे बघितलं. शालिनी पुढे आली. "मिलिंद, ते खरं सांगताहेत. गाडीतच मला बोलले होते."

"काकू, तुम्हीही ना," मंजूषा डोळे पुसत म्हणाली आणि उठून तिच्या गळ्यात पडली. आता खरं पटवायचं तरी कोणाला?

"अण्णा," रवींद्रराव म्हाताऱ्यासमोर जमिनीवर बसले. "अण्णा, तुम्ही मशीन उचलत होता. आठवतंय? तुमची पाठ होती माझ्याकडे. तुम्ही म्हणालात, आज पुनव आहे. आठवा ना."

अण्णा हसले. त्या हसण्यात राग नव्हता, संशय नव्हता. "रवींद्रराव, मला बाकी काही आठवत नाही हो. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. पण ते आठवतंय." त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि हवेतच दोर ओवून दाखवला, ओढून दाखवला, गाठ मारून दाखवली. तीन महिने ओटीवर बसून त्यांनी ती गाठ इतक्या वेळा मारली होती, की आता ती त्यांचीच झाली होती. "अशी मारली मी. आखडून. माझ्याच हातांनी. आणि सगळे ओरडत होते तेव्हा तुम्ही एकटे माझ्या खांद्यावर हात ठेवून बोललात. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

रवींद्ररावांना वाटलं, हे घर आत्ता कोसळावं. घर कोसळलं नाही. शालिनीनं पानं वाढली आणि सगळे जेवले.

संध्याकाळी मिलिंदनंच तलाव बघायचा हट्ट धरला. घाटावर विनायक भेटले. मिलिंदनं त्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि विनायक येऊन रवींद्ररावांची पाठ थोपटत म्हणाले, "वा, भाईसाहब. बोलते बहुत हो, पर दिल सोने का है." रवींद्ररावांनी खाली मान घातली. त्यालाही लोक नम्रपणा समजले.

त्यांनी बोट सोडली. मिलिंद आणि मंजूषा बसले, शालिनी बसली. अण्णा पायरीवरच उभे होते. ऊन उतरलं होतं, पाण्यावर हलका वारा होता. त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग बोटीकडे. मग शाळेत मास्तरांना विचारावं तसं रवींद्ररावांना विचारलं, "मी बसू का? मी कशाला हात लावणार नाही."

"अण्णा, असं काय..." रवींद्ररावांनी वल्हं उचलून पुढे केलं. "तुम्ही चालवा. तुम्हीच चालवा, अण्णा. मी मागे बसतो."

"नको नको." अण्णा एक पाऊल मागे सरले. "तुम्हीच चालवा. तुमच्या हातात असलं की मला धास्ती नाही."

रवींद्ररावांनी त्यांना हात धरून बोटीत घेतलं आणि वल्हवायला सुरुवात केली. मध्यावर गेल्यावर पश्चिमेचा वारा सुटला, बोट तिरकी व्हायला लागली आणि रवींद्ररावांच्या भरलेल्या डोळ्यांना धड दिसत नसल्यामुळे त्यांना ती सावरता येईना. उजवीकडचं वल्हं जरा दाबलं की बोट सरळ होईल, हे साठ वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाला बसल्या जागी कळत होतं. अण्णांची मान आपोआप उजवीकडे वळली, ओठ हलले. पण ते काही बोलले नाहीत. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घेतले आणि बोट काठाला लागेपर्यंत तसेच बसून राहिले.